‘त्याच वेळी’ म्हणजे नेमकं केव्हा? आपोआप लागणारा ब्रेक आणि पेटंटचा खटला

कसारा घाट उतरत होतो. गाडी भाच्याची, नवी कोरी, हप्ते जेमतेम पाच भरलेले. पुढे कंटेनर. भाचा मला काहीतरी भलतंच सांगत होता, मान अर्धी माझ्याकडे वळलेली, आणि वळणाच्या तोंडाशी कंटेनरचे मागचे दिवे लाल झाले. मी ओरडायच्या आत डॅशबोर्ड ओरडला. टीं टीं टीं, लाल चिन्ह, आणि गाडीने आपणहून असा काही ब्रेक मारला की माझा चष्मा मांडीवर येऊन पडला. भाच्याचा पाय पेडलवर पोचला तो त्यानंतर.

घाट संपल्यावर पहिल्या टपरीवर थांबलो. हात थरथरत नव्हते असं दोघांनीही दाखवलं. अर्धा चहा झाल्यावर भाच्याने विचारलं, “मामा, हा ब्रेक शोधला कुणी? त्या माणसाला दर गाडीमागे पैसे मिळत असतील ना?”

भाचा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. तिथे शीटमेटलचे ब्रॅकेट बनतात, त्यातले काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमागे रडार बसवायला जातात. मी सातपूर-अंबडच्या कारखानदारांना पेटंटचे अर्ज लिहून देतो. त्यामुळे प्रश्न योग्य माणसाला पडला होता आणि योग्य माणसालाच विचारला होता. उत्तर मात्र एका चहात मावणारं नव्हतं. दोन झाले. तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी ब्रेककडे बघू. चालकाला मदत करणाऱ्या ज्या यंत्रणांना लोक हल्ली सरसकट ‘अडास’ म्हणतात, त्यातला हा एक भाग, ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग, म्हणजे एईबी. बंपरमागे रडार असतं, बहुतेक वेळा ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासचं. आरशाच्या मागे काचेला चिकटलेला कॅमेरा असतो. रडारला अंतर आणि वेग चांगला कळतो, पण समोर गाय आहे की पत्र्याचा डबा हे नीट कळत नाही. कॅमेऱ्याला आकार ओळखता येतो, पण धुक्यात आणि तोंडावर येणाऱ्या उन्हात तो आंधळा होतो. दोघांची साक्ष जुळवून एक छोटा संगणक सेकंदात अनेकदा एकच गणित करतो: आत्ताच्या आत्ता काहीच केलं नाही तर धडक किती सेकंदात? समोरचं अंतर ३० मीटर आणि आपण त्याच्याकडे सेकंदाला १५ मीटरने सरकतोय, तर उत्तर २ सेकंद.

हे २ सेकंद किती कमी आहेत बघा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. माणसाला धोका दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. क्रिकेटची दीड पिच ओलांडली आणि ब्रेकला अजून हातच, म्हणजे पायच, लागलेला नाही.

मग संगणकाने लवकर ब्रेक मारावा, सोपं आहे की! सोपं नाही. नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी सहा वाजता उभे राहा. दर मिनिटाला कुणी ना कुणी रिक्षा, बाईक, हातगाडी तुमच्यासमोर तिरकी घुसते आणि दर वेळी धडक ‘होणारच’ असं गणित सांगतं. प्रत्येक वेळी गाडीने करकचून ब्रेक मारला तर मागचा तुमच्यात घुसेल. उशिरा मारला तर तुम्ही पुढच्यात. म्हणून बहुतेक यंत्रणा टप्प्याटप्प्याने जातात. आधी आवाज, मग एखादा हलका झटका किंवा थोडासा ब्रेक, आणि अगदीच गळ्याशी आलं की पूर्ण ब्रेक. चालकाने मधेच स्टिअरिंग फिरवलं किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर यंत्रणा बहुधा माघार घेते.

ब्रेकची डिस्क जुनी, पॅड जुने, रडारचं तत्त्व दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचं. आज नवं काही असेल तर ते ‘केव्हा’ आणि ‘किती’ यात आहे. आणि कंपन्या एकमेकींना कोर्टात खेचतात तेही याच दोन शब्दांवरून.

“म्हणजे एक कुणीतरी शोधक नाहीच?” भाचा जरा हिरमुसला.

नाही. नाशिककराला बॉश म्हणजे सातपूरचा कारखाना. तिचं ‘मायको’ हे जुनं नाव गेलं तरी मायको सर्कलने ते धरून ठेवलंय. तिच्या मूळ जर्मन कंपनीने, ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ नयेत अशा यंत्राच्या पेटंटसाठी १९३६ साली अर्ज केला होता. प्रत्यक्षात गाडीत बसवून विकण्याजोगं एबीएस आलं १९७८ साली. मधली ४२ वर्षं इलेक्ट्रॉनिक्स त्या कल्पनेच्या लायकीचं होण्यात गेली. आपोआप ब्रेक त्यानंतरचा. होंडाने २००३ मध्ये जपानात धडकेचा जोर कमी करणारा ब्रेक बाजारात आणला, व्होल्वोने २००८ च्या गाडीत शहरातल्या कमी वेगासाठी आपोआप थांबणारी यंत्रणा दिली. पेटंटचं आयुष्य अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. म्हणजे २००३ च्या गाडीत जे होतं, त्यावरची त्या काळची पेटंटं आता संपलेली आहेत. ‘समोर अडथळा दिसला की गाडीने आपणहून थांबावं’ ही कल्पना आज गावठाणासारखी आहे, कुणीही वापरावी. भांडणं आहेत ती तिच्या कडेकडेच्या प्लॉटवर.

प्लॉट हा शब्द मुद्दाम वापरला. पेटंटचा कागद उघडला की तीस-चाळीस पानं वर्णन असतं, आकृत्या असतात, आणि शेवटी क्रमांक घातलेली काही लांबलचक वाक्यं असतात. त्यांना इंग्रजीवरून क्लेम म्हणतात. मराठीत ‘दावा’ म्हणता येईल, पण आपल्याकडे कोर्टातल्या खटल्यालाही दावाच म्हणतात, आणि मग ‘दाव्यातला दावा’ असं लिहावं लागतं. क्लेमच ठीक. खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहिलेली असते, पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस नाला, तसे हे क्लेम. वर्णनात तुम्ही कितीही कौतुक करा, हक्क चतुःसीमेच्या आतलाच. आणि शेजाऱ्याने बांध कोरला की नाही, हे ठरवायचं असेल तर आधी बांध कुठून जातो ते ठरवावं लागतं. पेटंटच्या खटल्यातला मोठा वेळ या मोजणीतच जातो.

भाच्याला समजावं म्हणून मी टपरीवरच्या बिलाच्या पाठीवर एक क्लेम रचला. हा माझा, कुठल्याही खऱ्या पेटंटमधला नाही:

‘वाहनासाठी ब्रेकची यंत्रणा, जिच्यात समोरच्या अडथळ्याचं अंतर व सापेक्ष वेग मोजणारा किमान एक सेन्सर आहे, त्यावरून धडकेपर्यंतचा वेळ काढणारा नियंत्रक आहे, हा वेळ पहिल्या मर्यादेखाली गेल्यावर नियंत्रक चालकाला इशारा देतो व त्याच वेळी अंशतः ब्रेक लावतो, आणि दुसऱ्या मर्यादेखाली गेल्यावर पूर्ण ब्रेक लावतो.’

आता समजा हे पेटंट पहिल्या कंपनीचं. दुसऱ्या कंपनीने ट्रकसाठी यंत्रणा काढली. सेन्सर आहे, नियंत्रक आहे, दोन मर्यादा आहेत, पूर्ण ब्रेक आहे. फरक एवढाच, की तिची यंत्रणा आधी बझर वाजवते आणि ०.३ सेकंदांनी थोडा ब्रेक लावते. उल्लंघन झालं का?

“झालंच की,” भाचा म्हणाला. “सगळं तेच आहे.”

मूळ नियम असा, की क्लेममधला प्रत्येक घटक समोरच्याच्या वस्तूत सापडला पाहिजे. एक गळला तर त्या क्लेमचं उल्लंघन नाही. म्हणून सगळा खटला ‘त्याच वेळी’ या दोन शब्दांवर येऊन बसतो. पहिली कंपनी म्हणणार, ०.३ सेकंद म्हणजे डोळ्याची उघडझाप, चालकाला दोन्ही एकदमच जाणवतात, क्षुल्लक बदल करून चोरी लपवता येत नाही. कोर्टही निव्वळ शब्दच्छल मान्य करत नाही, शोधाचा गाभा उचललाय का हे बघतं. दुसरी म्हणणार, ताशी ८० ला ०.३ सेकंदात ट्रक साडेसहा मीटर जातो, एवढ्या अंतरात माणूस जगतो किंवा मरतो, आणि तुम्ही याला क्षुल्लक म्हणता?

दोन्ही युक्तिवाद मला आवडतात. निकाल मात्र बहुधा तिसऱ्याच ठिकाणी दडलेला असतो: पेटंट ऑफिसच्या फाइलमध्ये. आपल्याकडे अर्ज केला की तो लगेच मंजूर होत नाही. परीक्षक जुनी पेटंटं, जुने लेख शोधून आक्षेपांची यादी पाठवतो. समजा परीक्षकाने लिहिलं होतं, ‘आधी इशारा आणि मग ब्रेक ही पद्धत अमुक जुन्या पेटंटमध्ये आहे, तुमच्यात नवीन काय?’ आणि पहिल्या कंपनीने उत्तर दिलं होतं, ‘आमच्याकडे दोन्ही एकाच वेळी होतं, हेच नवीन,’ आणि क्लेममध्ये ते दोन शब्द घातले होते. मग आता कोर्टात येऊन ‘एकाच वेळी म्हणजे थोडं मागेपुढे चालतं’ असं म्हणायला तोंड राहत नाही. मोजणीच्या वेळी स्वतःच दगड रोवायचा आणि नंतर तो दोन फूट सरकवायचा, असं चालत नाही. माझ्या धंद्यातली सर्वांत महाग चूक हीच: पेटंट मिळवायच्या घाईत घातलेला एक शब्द.

हे सगळं कागदी वाटत असेल तर एक खरा खटला घ्या, आपल्या ओळखीच्या गाड्यांचा. पुण्याची बजाज ऑटो आणि तमिळनाडूची टीव्हीएस. बजाजने २००२ मध्ये अर्ज केला आणि २००५ मध्ये तिला १९५९०४ क्रमांकाचं पेटंट मिळालं: छोट्या व्यासाच्या सिलिंडरला एकाऐवजी दोन स्पार्क प्लग. पल्सरवर ‘डीटीएसआय’ लिहिलेलं असायचं, ते हेच तंत्र. २००७ मध्ये टीव्हीएसने फ्लेम नावाची १२५ सीसीची बाइक आणली, तिलाही दोन प्लग. बजाज म्हणाली बांध कोरला. टीव्हीएस म्हणाली, आमच्या इंजिनाला तीन व्हॉल्व्ह आहेत, तुमचं इंजिन दोन व्हॉल्व्हचं, रचना वेगळी. शिवाय दोन प्लगचं इंजिन जगात आधीच होतं. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला. मे २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो उठवला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. तिथे सप्टेंबर २००९ मध्ये सांगितलं गेलं, की टीव्हीएसने बाइक विकावी, पण प्रत्येक विक्रीचा चोख हिशेब ठेवावा, आणि मूळ खटला लवकर संपवा. अशा खटल्यांत तात्पुरत्या आदेशांवरच वर्षानुवर्षं भांडण चालतं आणि अंतिम निकाल लागतच नाही, ही खंतही न्यायालयाने बोलून दाखवली. आणि झालं काय? दोन्ही कंपन्यांनी २०१९ मध्ये आपसात मिटवलं. बारा वर्षं. ज्या बाइकवरून भांडण सुरू झालं ती तोवर बाजारातून कधीच गेली होती.

म्हणूनच तात्पुरता मनाई हुकूम ही खरी लढाई असते. न्यायालय तेव्हा तीन गोष्टी तोलतं: प्रथमदर्शनी केस आहे का, हुकूम दिल्याने वा न दिल्याने जास्त त्रास कुणाला, आणि नुकसान नंतर पैशाने भरून निघेल का. ब्रेकच्या बाबतीत चौथी गोष्ट आपोआप टेबलावर येते, ती म्हणजे लोकांचा जीव. ज्या यंत्रणेने ट्रक थांबतात, तीच विकायला बंदी घालायची? मला वाटतं इथे ‘विका, पण हिशेब ठेवा’ हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पेटंटवाल्याचे पैसे बुडत नाहीत आणि घाटातला ट्रकही बिनब्रेकचा राहत नाही. पण ‘जीव वाचतो, म्हणून पेटंट फुकट’ हे म्हणणंही मला पटत नाही. उद्या त्या ०.३ सेकंदावर पाच वर्षं कोण घालवेल?

व्होल्वोचं उदाहरण या वादात हमखास काढलं जातं. त्यांचा अभियंता निल्स बोलिन याने १९५९ मध्ये तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट तयार केला, कंपनीने पेटंट घेतलं आणि इतरांना ते वापरू दिलं. आज कसाऱ्यात माझ्या छातीवर आवळला गेलेला पट्टा तोच. उमदेपणा होता, याबद्दल शंका नाही. पण तो त्यांनी आपणहून केला होता, कुणी हुकूम देऊन करवून घेतला नव्हता.

आता दुसऱ्या कंपनीच्या बाजूने बघू. ती फक्त ‘मी बांध कोरला नाही’ एवढंच म्हणत नाही. तिचं मोठं हत्यार म्हणजे, ‘हा प्लॉट तुमचा नाहीच.’ पेटंट कायदा १९७० चा, त्याच्या कलम ६४ खाली पेटंट रद्द करा अशी मागणी ती त्याच खटल्यात प्रतिदाव्याने करू शकते. नाशिकला हा मुद्दा समजावायला ब्रेक नको, भांडी पुरेत. तांबट आळीतल्या माणसाला विचारा, लेथवर भांडं फिरवताना ते निसटून उडालं तर काय होतं. मिर्झापूरच्या एका कंपनीने भांडं लेथवर घट्ट धरायच्या युक्तीचं पेटंट घेतलं होतं, १९५१ च्या सुमाराचं. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९७८ मध्ये निकाल लागला: जुन्याच लेथमध्ये कुशल कारागीर सहज करेल एवढीच ही सुधारणा, तिच्यात शोध नाही, पेटंट रद्द. आज रडार आणि संगणकाच्या खटल्यांतही भारतातले वकील या भांड्यांच्या निकालाचा हवाला देतात. अमेरिकेत याचा जुळा भाऊ आहे, आणि तो पेडलचाच. मागेपुढे सरकणाऱ्या अ‍ॅक्सिलरेटर पेडलवर इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवल्याचं पेटंट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये टिकू दिलं नाही. सरकणारं पेडल माहीत, सेन्सर माहीत. दोन माहीत गोष्टी अपेक्षित पद्धतीने जोडल्या तर तो शोध होत नाही.

एईबीवाल्यांना हा निकाल झोपू देत नसावा. रडार माहीत, ब्रेक माहीत, बझर तर शाळेतला. जोडणी ‘सहज सुचणारी’ नव्हती हे सिद्ध करायला मग आकडे लागतात: आमच्या क्रमाने खोटे ब्रेक कमी झाले, थांबायचं अंतर कमी झालं. ज्या अर्जात असे आकडे मुळातच लिहिलेले असतात, ते टिकतात.

आपल्याकडे आणखी एक अडसर आहे. कलम ३ चा ‘के’ हा पोटभाग सांगतो, की नुसता संगणक प्रोग्राम, गणिती पद्धत किंवा अल्गोरिदम यावर पेटंट नाही. आणि एईबीचा आत्मा तर गणितच. पण ‘नुसता’ हा शब्द महत्त्वाचा. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अलानी यांच्या प्रकरणात म्हटलं, की आज गाड्यांपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्यांत प्रोग्राम असतो. त्यातून तांत्रिक परिणाम होत असेल तर केवळ प्रोग्राम आहे म्हणून दार बंद करू नये. गणिताचं उत्तर कागदावर राहिलं तर गणित. त्या उत्तराने वीस टनांचा ट्रक थांबला तर यंत्र. इतकं सरळ कोर्टात चालत नाही, पण दिशा ती आहे.

इथे भाच्याने हुशारीचा प्रश्न विचारला. “मामा, पण त्या कंपनीला कळणार कसं, की समोरच्याने ०.३ सेकंद ठेवलेत? सॉफ्टवेअर तर डब्यात बंद असतं.”

गाडी विकत घेतात. खरंच. शोरूममधून घेतात, मोकळ्या ट्रॅकवर नेतात, समोर फोमची आणि कापडाची खोटी गाडी उभी करतात आणि तिच्यावर धाव घेतात, पुन्हा पुन्हा. गाडीच्या आतल्या वायरिंगवरून फिरणारे संदेश नोंदवतात: बझरचा संदेश या मिलिसेकंदाला, ब्रेकच्या दाबाचा त्या मिलिसेकंदाला. हा पुरावा. त्यानंतरही सोर्स कोड बघायचा असेल तर न्यायालय ठरावीक वकील आणि तज्ज्ञ यांनाच तो दाखवायची व्यवस्था करतं, कंपनीच्या लोकांना नाही. नाहीतर खटला हाच चोरीचा राजमार्ग झाला असता.

त्यातून एक गंमत निघते. पेटंट यंत्राचं असेल तर ते बनवणारा, वापरणारा, विकणारा, विकायला काढणारा आणि आयात करणारा, सगळे कलम ४८ च्या कक्षेत येतात. पण पेटंट ‘पद्धतीचं’ असेल तर? ब्रेक लावण्याची पद्धत प्रत्यक्षात वापरतं कोण? फॅक्टरीत तर गाडी उभी असते.

“म्हणजे आत्ता घाटात ती पद्धत मी वापरली?” भाच्याचा कप हवेतच थांबला.

शब्दशः बघितलं तर हो. घाबरायचं कारण नाही, एकेका गाडीवाल्याच्या मागे कुणी लागत नाही. पैसे कारखानदाराकडे असतात. पण दुसऱ्याच्या हातून उल्लंघन करवणाऱ्यासाठी आपल्या कायद्यात वेगळं स्पष्ट कलम नाही, म्हणून जाणता लिहिणारा एकाच शोधाचे दोन क्लेम लिहितो, एक यंत्राचा आणि एक पद्धतीचा. एका दारातून समोरचा निसटला तर दुसऱ्यात सापडावा.

खटला कुठे चालतो हे नाशिककरांना ठाऊक असावं. जिल्हा न्यायालयाच्या खाली तो दाखल करता येत नाही, पण आपल्या जिल्हा न्यायालयात येतो. समोरच्याने ‘पेटंटच रद्द करा’ असा प्रतिदावा टाकला, की प्रकरण उच्च न्यायालयात, म्हणजे मुंबईला जातं. आणि तो प्रतिदावा कोण टाकत नाही? म्हणजे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून निघालेलं भांडण कसारा उतरतंच.

पेटंट देशापुरतं असतं, हेही आपल्याकडे फार लोक विसरतात. जर्मनीत पेटंट आहे आणि भारतात घेतलेलंच नाही, तर इथे बनवून इथे विकायला ते आड येत नाही. पण तोच माल जर्मनीला पाठवला तर तिथे उल्लंघन. निर्यात करणाऱ्याने दोन्ही टोकं तपासायची असतात. ‘गुगलवर फोटो सापडला म्हणून बनवलं’ हा बचाव मी अंबडमध्ये इतक्यांदा ऐकलाय, की आता हसूही येत नाही.

हे सगळं आत्ता का सांगतोय? युरोपात जड ट्रकना हा ब्रेक २०१५ पासून सक्तीचा झाला आणि जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयानेही मार्च २०२५ मध्ये बस आणि ट्रकमध्ये आपोआप ब्रेक, झोप आल्याचा इशारा, लेन सुटल्याचा इशारा वगैरे आणायचा मसुदा काढला. एखादी गोष्ट सक्तीची झाली, की ती बनवणारे वाढतात आणि बांधाला बांध लागतो. सुदैवाने असे नियम बहुतेक वेळा निकाल सांगतात, रस्ता नाही: अमुक वेगाने जाताना वेग इतका कमी झाला पाहिजे. तो कसा करायचा हे कंपनीवर. त्यामुळे ‘त्याच वेळी’च्या पेटंटला वळसा घालून ‘आधी बझर, मग ब्रेक’ करायला जागा राहते. वळसा घालणं गुन्हा नाही. खरं तर पेटंट छापून जाहीर करायचा एक हेतूच तो आहे: दुसऱ्याने वाचावं आणि वेगळं काही काढावं.

ज्यांना स्वतः अर्ज करायचाय त्यांना एकच सांगतो, बाकी ऑफिसात या. आधी अर्ज, मग प्रदर्शन. स्टॉल लावून, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरवून, ग्राहकाला सगळं उलगडून दाखवून मग माझ्याकडे येणारे बरेच आहेत. तोवर नवेपणा बहुधा त्यांनी स्वतःच संपवलेला असतो. एकट्या माणसाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. तात्पुरतं वर्णन देऊन तारीख पक्की करता येते आणि पुढे १२ महिन्यांत पूर्ण वर्णन देता येतं. लिहिणाऱ्याची फी वेगळी, ती मी इथे सांगणार नाही.

दुसरा चहा संपत आला होता. मी भाच्याला विचारलं, “तुमच्या ब्रॅकेटची पर्चेस ऑर्डर आहे का मोबाइलमध्ये?”

होती. पीडीएफ, अकरा पानं. असं कागदपत्र कुणी वाचत नाही, दर, प्रमाण आणि पैसे किती दिवसांत एवढंच बघतात. सातव्या पानावर ते कलम सापडलं, दर वेळी सापडतं तसं: पुरवलेल्या मालामुळे कुणाच्याही बौद्धिक संपदेचा भंग झाल्याचा आरोप झाला, तर बचावाचा सगळा खर्च आणि भरपाई पुरवठादाराने द्यायची. ड्रॉइंग ग्राहकाचं. मटेरियल ग्राहकाने ठरवलेलं. रडार कुठल्या कोनात बसणार, तेही ग्राहकाने ठरवलेलं. आणि तो कोन उद्या कुणाच्या क्लेममध्ये निघाला, तर खटल्याचा खर्च चौदा माणसांच्या वर्कशॉपने उचलायचा.

“हे बदलता येतं?”

“मागितलं तर येतं. ‘ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवलेल्या मालाला हे कलम लागू नाही,’ एवढी एक ओळ. बरेचदा देतात.”

त्याने तिथूनच शेठना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाट उघडल्याचा आणि कागद उलटल्याचा आवाज, बराच वेळ.

“सातवं पान म्हणजे,” शेठ म्हणाले, “मी सही केली त्याच्या आधीचं की नंतरचं?”